विजेच्या दोन जोडण्या

चवथीचे दिवस जवळ आले, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांत माटोळीच्या तयारीबरोबर दिव्यांच्या माळाही बाहेर निघतात. नाताळात अशाच माळा गोठ्याभोवती लागतात. जुन्या पद्धतीच्या माळेतील एखादा बारीक दिवा गेला, की सारी माळ विझते. त्याच घरातील स्वयंपाकघरातला दिवा गेला, तर ओसरीवरचा दिवा मात्र तेवत राहतो. वीज एकच असताना हा भेद कशामुळे पडतो? त्याचे उत्तर दिव्यांच्या जोडणीत आहे.

माळेतील जोडणी एकसर असते. तेथे विद्युत्प्रवाहाला वाट एकच. एका दिव्यातून निघालेला प्रवाह पुढच्या प्रत्येक दिव्यातून जाऊन परततो. म्हणून वाट कोठेही तुटली, की प्रवाह सर्वत्र थांबतो. प्रवाह सर्व दिव्यांत सारखाच असतो. दाब मात्र त्यांच्यात वाटला जातो. घरात येणारा दाब 230 व्होल्टांचा. सहा व्होल्टांचे 38 दिवे ओवले, म्हणजे 228 व्होल्टांची वाटणी होते आणि प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो.

गेलेला दिवा काढून तारांची टोके पिळून टाकण्याची सवय पुष्कळ घरांत आढळते. असे आठ दिवे काढले, तर उरलेल्या 30 दिव्यांपैकी प्रत्येकावर सुमारे 7.7 व्होल्टांचा दाब येतो. माळ अधिक लखलखते आणि ती सुधारली असे वाटते. वास्तविक दिव्यांतील तंतू जास्त तापून भराभर जळू लागतात. शिवाय दिवा सहा व्होल्टांचा असला, तरी माळ 230 व्होल्टांवर टांगलेली असते. पिळलेल्या उघड्या सांध्याला लहान मुलाचा हात लागला, तर तो प्राणावर बेतू शकतो.

घरातील दिव्यांची जोडणी समांतर असते. डिचोलीकडील कुळागरात मुख्य पाटातून निरनिराळ्या वाफ्यांकडे फाटे काढतात. एक फाटा मातीने बुजवला, तरी बाकीचे वाहतात. तसाच येथे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फाटा आणि पूर्ण 230 व्होल्टांचा दाब मिळतो. एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरोघर वीज दिली, ती याच पद्धतीने. त्यापूर्वी रस्त्यांवरचे कमानी दिवे बहुधा एकसर जोडीत असत.

परंतु सर्व फाट्यांचे पाणी मुख्य पाटालाच वाहावे लागते. समांतर जोडणीत दर उपकरणागणिक मुख्य तारेतील प्रवाह वाढत जातो. एक हजार वॅटची इस्त्री चार अँपियरांहून थोडा अधिक प्रवाह घेते. दीड हजार वॅटची किटली साडेसहा अँपियर घेते. दोन्ही एकाच विस्तार-फळीवर लावली, तर बेरीज अकराच्या घरात जाते. फळी सहा अँपियरांची असेल, तर तार तापते, वेष्टन वितळते आणि आग लागू शकते.

हे टाळण्यासाठी फ्यूज असतो, आणि तो मुद्दाम एकसर जोडलेला असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की त्याची बारीक तार वितळते व वाट तुटते. माळेत जो दोष वाटतो, तोच गुण येथे घराचे रक्षण करतो. म्हणून वितळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडे टाकणे होय. दिव्याचे बटनही याच नियमाने एकसर असते. मात्र ते फेजच्या तारेवरच हवे, नाहीतर बंद दिव्यातही धोका उरतो.

आजच्या एलईडी माळांत बहुधा दोन्ही पद्धतींचा मेळ असतो: काही दिव्यांचे एकसर गट आणि असे गट परस्परांशी समांतर. म्हणून कित्येकदा माळेचा एखादाच तुकडा विझतो. तसे झाल्यास माळ प्रथम खोबणीतून काढावी, तारा पिळण्याचा मोह आवरावा आणि ती जाणकाराच्या हाती द्यावी.