भुलीच्या टेबलावरचं कुत्रं



२२ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आपला ११ ऑगस्टचा आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडा, असं सांगितलं. रेबीजची शंका असलेली आणि अंगावर धावून येणारी कुत्री तेवढी वगळली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश आला. कुत्रं सोडायचं की निवाऱ्यात ठेवायचं, यावर दिल्लीत, नोएडात, गुरुग्राममध्ये घरोघरी वाद झाले. पण सोडा किंवा ठेवा, नसबंदी आलीच, आणि तिच्याबरोबर भूल आली. त्या भुलीविषयी मला आज बोलायचं आहे.

भूल म्हणजे गाढ झोप, असा आपला समज असतो. झोपेत शरीर आपला श्वास, रक्तदाब, ऊब स्वतः सांभाळतं. भुलीत हे काम बरंचसं डॉक्टरांच्या हाती जातं. भुलीचा परिणाम पेशींपर्यंत कसा पोचतो, ते आता पाहू. पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा त्यातल्या थोड्या भागाचे उग्र रेणू बनतात. चिरलेलं वांगं काळं पडतं, त्यामागेही ऑक्सिजनच असतो. निरोगी कुत्र्याच्या शरीरातली विकरं हे रेणू निकामी करत राहतात. शस्त्रक्रियेची जखम, मंदावलेला रक्तप्रवाह, पकडलं गेल्याची दहशत यांमुळे रेणू वाढतात आणि विकरं कमी पडतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ त्यात तुटतात, आणि त्यातून तयार होणारं मॅलोनडायल्डिहाइड रक्तात मोजता येतं.

कोणतं औषध टोचलं, यानं पुष्कळ फरक पडतो. झायलाझिन आणि केटामाइन ही जोडी स्वस्त आहे, स्नायूत टोचता येते, म्हणून नसबंदीच्या कामात ती सर्रास वापरली जाते. पण झायलाझिननं हृदयाचे ठोके मंदावतात आणि अवयवांना रक्त कमी पोचतं. प्रोपोफॉल हे औषध जॉन ग्लेन या पशुवैद्यानं शोधलं. त्यासाठी २०१८मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोपोफॉलच्या रेणूची ठेवण ई जीवनसत्त्वाशी जुळते, त्यामुळे उग्र रेणूंना ते स्वतःच आवर घालतं. तरी ते सर्वगुणसंपन्न नाही. घाईनं टोचलं तर श्वास थांबू शकतो. मांजराला ते लागोपाठ काही दिवस दिलं, तर त्याच्या तांबड्या पेशींनाच इजा होते, कारण फिनॉल वर्गातली रसायनं निकामी करणं मांजराच्या यकृताला जड जातं.

रस्त्यावरचं कुत्रं टेबलावर येतं ते अनेकदा अंगावर गोचीड घेऊन. गोचीडताप झालेला असेल, तर त्याचं रक्त आधीच कमी झालेलं असतं, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण इंजेक्शनाच्या आधीपासूनच असतो. थायोपेंटोन या भुलीच्या आणखी एका औषधाचा अंमल कमी होतो तो औषध चरबीत आणि स्नायूंत पसरल्यामुळे. हडकुळं कुत्रं मग कितीतरी वेळ गुंगीतच राहतं. जानेवारीत ते गार फरशीवर गारठतं.

माझ्या मते औषध कोणतं, याच्याइतकंच महत्त्व कुत्र्यावर लक्ष कोण ठेवतं, याला आहे. दिवसाला किती शस्त्रक्रिया झाल्या एवढाच हिशेब मागितला, की ऑक्सिजन, ऊब, सलाइन, वेदनाशामक याच गोष्टी आधी गाळल्या जातात, आणि त्याची झळ त्या मुक्या जिवाला बसते.

म्हणून, तुमच्या गल्लीतलं कुत्रं गाडीत चढवलं, की केंद्रात जाऊन विचारा. भुलीआधी रक्त तपासता का? जिभेला ऑक्सिमीटर लावता का? वेदनाशामक किती दिवस देता? शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण असतं? प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३प्रमाणे हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जबाबदारीचं आहे. उत्तर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते जरूर मागा.