कुत्ना होरा : चांदी, चर्च आणि अस्थी

प्राग नगरीच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरांवर कुत्ना होरा नावाचे एक लहानसे नगर आहे. सकाळी आगगाडीने अथवा बसने निघावे, मार्गदर्शकाच्या सोबतीने तीन-चार वास्तू पाहाव्यात, दुपारचे जेवण तेथेच उरकावे आणि दिवेलागणीच्या सुमारास प्रागला परतावे, असा या सहलीचा ठरून गेलेला क्रम आहे. एका दिवसात जे पाहावयास मिळते ते थोडे नव्हे : एक मठमंदिर, एक अस्थिगृह, खाणकामगारांनी उभारलेले एक भव्य चर्च आणि जेथे राजाची नाणी पाडली जात तो वाडा. तथापि या सहलीत एक अडचण आहे, व आजच्या व्याख्यानाचा विषय मुख्यतः तीच आहे. प्रवासी जे सर्वांत प्रथम पाहतो ते खरे पाहता सर्वांत शेवटी पाहावयास हवे.

याचे कारण अगदी साधे आहे. रेल्वेचे मुख्य स्थानक नगरात नसून नगराबाहेर सेडलेट्स या उपनगराजवळ आहे. तेथून अस्थिगृह पायी पंधरा-वीस मिनिटांवर, तर नगराचा मध्यभाग तीन किलोमीटर दूर. म्हणून गाडीतून उतरलेला जथा आधी अस्थिगृहात शिरतो. ज्यांना या भूमीची काहीच माहिती नाही, अशा माणसांसमोर एकाएकी हजारो कवट्या येतात. कोणी अंग चोरून उभा राहतो, कोणी हसतो. अर्ध्या तासाने सारे बाहेर पडतात, आणि या अस्थी कोणाच्या होत्या हे नगरात पोहोचल्यावर थोडेथोडे कळू लागते. तोवर पाहण्याची वेळ निघून गेलेली असते. मार्गदर्शकाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. मात्र व्याख्यानावर स्थानकाचे बंधन नाही, तेव्हा येथे क्रम उलटा घेणेच बरे.

कुत्ना होराचा आरंभ चांदीपासून होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस येथे चांदीचे विपुल साठे हाती लागले आणि जेथे काही वाड्यावस्त्या होत्या तेथे थोड्याच वर्षांत बोहेमियातील प्रागच्या खालोखालचे नगर उभे राहिले. इ. स. १३०० मध्ये राजा वेन्सेस्लास दुसरा याने नाणेपद्धतीची पुनर्रचना केली. निरनिराळ्या ठिकाणच्या टांकसाळी बंद करून त्याने कुत्ना होरा येथे एकच मध्यवर्ती टांकसाळ स्थापली. तिच्यासाठी इटलीतून जाणकार आणविले, म्हणून त्या वाड्याला आजही ‘इटालियन वाडा’ असेच म्हणतात. येथे पडलेला ‘प्राग ग्रोशेन’ हा रुपेरी शिक्का मध्य युरोपभर चालत असे. खाणींच्या व्यवहारासाठी राजाने त्याच सुमारास एक स्वतंत्र कायदेसंहिताही करविली. खाणीतील हवा, पाण्याचा निचरा, कामाच्या पाळ्या, मालकांचे व कामगारांचे हक्क यांचा विचार त्या काळी लेखी स्वरूपात व्हावा ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पण कायदा वर राहतो आणि माणूस खाली उतरतो. येथील ‘ओसेल’ म्हणजे ‘गाढव’ नावाची खाण सुमारे ५०० मीटर खोल गेली होती. मध्ययुगातील जगात तितक्या खोल खाणी फारच थोड्या. खाणकामगार पांढरा डगला घालीत, अंधारात माणूस दिसावा म्हणून. पाठीमागे कमरेला कातड्याचा तुकडा बांधलेला असे, त्यावर बसून उताराच्या वाटेने घसरत खाली जाता येई. वर मात्र शिड्यांनीच चढावे लागे, आणि तेही पाळी संपल्यावर, थकलेल्या अंगाने. खनिज वर ओढण्यासाठी घोडे जुंपलेले मोठे लाकडी रहाट असत. नगरातील चांदीच्या संग्रहालयात असा एक रहाट जपून ठेवला आहे. तेथेच पाहुण्यांना पांढरा डगला, शिरस्त्राण व दिवा देऊन जुन्या भुयारात नेले जाते. भुयार काही जागी इतके अरुंद आहे की धिप्पाड माणसाला आडवे होऊन सरकावे लागते. घाईच्या सहलीत हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये; जेवणाचा वेळ कमी करावा.

या कामगारांची देवता म्हणजे संत बार्बारा. कोणतीही धर्मसंस्काराची संधी न मिळता ओढवणाऱ्या आकस्मिक मृत्यूपासून ती रक्षण करते अशी ख्रिस्ती परंपरेतील श्रद्धा आहे, आणि दरड कोसळून मरणाऱ्याला याहून जवळची देवता कोठून मिळणार? तिच्या नावाच्या चर्चचे बांधकाम १३८८ मध्ये सुरू झाले. हे चर्च नगराच्या तटाबाहेर, दरीच्या काठावर का बांधले, असा प्रश्न प्रवाशांच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर भक्तीत नसून अधिकाराच्या वादात आहे. नगरावर धार्मिक सत्ता सेडलेट्सच्या सिस्टर्सियन मठाची होती. खाणींतून श्रीमंत झालेल्या नागरिकांना ती जाचत होती. म्हणून त्यांनी मठाच्या हद्दीबाहेर, प्रागच्या धर्मपीठाच्या मालकीच्या जमिनीवर आपले चर्च उभारावयास घेतले. स्वतःच्या पैशाने स्वतःचे देऊळ बांधावे आणि जुन्या मठाकडे पाठ फिरवावी, ही वृत्ती भारतीय श्रोत्यांना अगदीच अपरिचित नसावी.

आरंभीच्या बांधकामाशी प्रागच्या कॅथीड्रलचा स्थपती पेटर पार्लेर याचा पुत्र यान याचे नाव जोडले जाते. पुढे हुसपंथीयांच्या युद्धांमुळे काम कित्येक दशके थांबले. १४९९ मध्ये माटेय रेयसेक याने गाभाऱ्यावरचे छत पुरे केले. नंतर प्रागच्या राजवाड्यातील व्लादिस्लाव दालन बांधणारा बेनेडिक्ट रीड येथे आला. मधल्या सभामंडपाच्या छतावर त्याने दगडी फासळ्या अशा वळविल्या की त्यांतून मोठमोठी सहा पाकळ्यांची फुले उमलल्यासारखी दिसतात. त्याच्या मृत्यूनंतर १५४८ पर्यंत ते छत पूर्ण झाले. तोवर खाणींतील चांदी आटत आली होती. ग्रोशेन पाडणे १५४७ मध्येच थांबले होते. पैसा संपला तेव्हा अपुऱ्या चर्चला एका बाजूने तात्पुरती भिंत घालण्यात आली, आणि ती तात्पुरती भिंत तीनशे वर्षे टिकली. १९०५ मध्ये वास्तू अखेर पुरी झाली. आज तंबूसारखी तीन उंच छपरे आणि बाहेरून आधार देणाऱ्या दगडी कमानींची रांग पाहून एका दमात घडल्याचा भास होणारी ही वास्तू प्रत्यक्षात पाच शतकांहून अधिक काळ रखडली होती.

आतील भित्तिचित्रे सावकाश पाहावीत. संत आणि राजे सर्वत्रच असतात. येथे मात्र हातोडीने नाणे ठोकणारे टांकसाळीतील कारागीर आणि रहाट फिरविणारे खाणकामगारही भिंतीवर आहेत. सभामंडपात एका खाणकामगाराचा पुतळा उभा आहे, पांढरा डगला घातलेला, हाती दिवा. ज्यांच्या श्रमाने मंदिर उभे राहिले त्यांना मंदिरात इतकी उघड जागा देणारी उदाहरणे कोणत्याही देशात विरळाच.

चर्चशेजारी जेझुइटांचे विशाल विद्यालय आहे. जेझुइट येथे १६२६ मध्ये आले. विद्यालयापुढील रस्त्याच्या कठड्यावर त्यांनी संतांच्या पुतळ्यांची रांग मांडली. प्रागच्या चार्ल्स पुलाची आठवण व्हावी अशी ती आहे. त्याच पुलावर १७११ मध्ये शिल्पकार ब्रोकोफ याने घडविलेला संत फ्रान्सिस झेवियर याचा शिल्पसमूह आहे, आणि झेवियरचा देह जुन्या गोव्यातील बाँ जेझूच्या चर्चमध्ये रुप्याच्या पेटीत आहे. गोव्यात दर दहा वर्षांनी त्या देहाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मृत शरीर आणि श्रद्धा यांचे नाते सांगावे लागत नाही. पण तेथे एका संताचा देह नावानिशी जपलेला आहे. सेडलेट्सची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे.

सेडलेट्सचा मठ ११४२ साली स्थापन झाला. बोहेमियातील सिस्टर्सियन पंथाचा तो पहिला मठ. परंपरा अशी सांगते की १२७८ मध्ये राजा ओटाकार दुसरा याने येथील मठाधिपतीला पॅलेस्टाइनला पाठविले. त्याने गोल्गोथा टेकडीवरची मूठभर माती आणून मठाच्या दफनभूमीत विखुरली. तेव्हापासून ही भूमी पवित्र गणली जाऊ लागली आणि दूरदूरचे लोक तेथे आपले दफन व्हावे अशी इच्छा धरू लागले. गंगाजलाच्या लहानशा तांब्याने घर पावन करणाऱ्या समाजाला ही कल्पना समजावयास कठीण जाऊ नये. परंतु ही दफनभूमी भरली ती केवळ श्रद्धेमुळे नव्हे. १३१८ चा दुष्काळ, १३४८ नंतरची प्लेगची साथ आणि पंधराव्या शतकातील धर्मयुद्धे यांनी तिच्यात हजारो प्रेते घातली. अलीकडे अस्थिगृहाभोवती उत्खनन झाले तेव्हा सामूहिक दफनाचे अनेक खड्डे उघडकीस आले.

धर्मयुद्धांचा उल्लेख येथे दोन वाक्यांत संपविणे योग्य होणार नाही. यान हुस याला १४१५ मध्ये जाळल्यावर बोहेमिया पेटला. कुत्ना होराचे खाणमालक बहुतांशी जर्मन व कॅथॉलिक होते. त्यांनी पकडलेल्या हुसपंथीयांना शेकडोंच्या संख्येने खाणींच्या विवरांत फेकले, असे तत्कालीन बखरी सांगतात. १४२१ मध्ये हुसपंथीयांनी सेडलेट्सचा मठ जाळला. आणि याच नगरात १४८५ साली दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या उपासनेला मान्यता देणारा तह केला. सहलीत हा तह कोठे दाखविता येत नाही, कारण त्याची वास्तू नाही. मार्गदर्शक त्याचा नुसता उच्चार करतो. तेवढाही सर्वच जण करीत नाहीत.

युद्धानंतर दफनभूमी आकुंचित झाली. जुनी थडगी उकरून अस्थी बाहेर काढाव्या लागल्या, आणि त्या १४०० च्या सुमारास बांधलेल्या सर्वसंतांच्या चर्चच्या तळघरात रचण्यात आल्या. शेवटच्या दिवशी मृतांचे पुनरुत्थान होणार अशी श्रद्धा असल्याने अस्थी पवित्र भूमीबाहेर टाकणे शक्य नव्हते. आपल्याकडे अस्थी गोळा करतात त्या प्रवाहात सोडण्यासाठी. तेथे गोळा करतात त्या राखून ठेवण्यासाठी. १५११ मध्ये एका अर्धवट अंध साधूने ही रचना केली अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी यान ब्लाझेय सांतिनी या स्थपतीने कलत्या दर्शनी भिंतीला आधार म्हणून नवे प्रवेशद्वार बांधले. शेजारचे मठाचे मोठे चर्च, जे १४२१ पासून जळक्या अवस्थेत पडले होते, तेही त्यानेच पुन्हा उभे केले. तेथील उजेड आणि उंची अनुभवण्यासाठी अस्थिगृहातून आलेल्या माणसाने निवांत बसावे. बहुतेक प्रवासी घड्याळाकडे पाहत निघून जातात. पुढे सम्राट जोसेफ दुसरा याने मठ बंद केला, मठाच्या इमारतीत १८१२ पासून तंबाखूचा कारखाना चालू झाला, आणि अस्थिगृह श्वार्त्सेनबेर्क या सरदार घराण्याकडे गेले.

आज जे दिसते ते या घराण्याने नेमलेल्या फ्रांतिशेक रिंत या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराचे काम आहे, १८७० सालचे. मधोमध लोंबणारे झुंबर. मानवी देहातील प्रत्येक प्रकारचे हाड त्यात आहे असे सांगतात. कवट्यांच्या माळा. चार कोपऱ्यांत घंटेच्या आकाराचे चार प्रचंड ढीग. श्वार्त्सेनबेर्कांचे राजचिन्हसुद्धा हाडांचेच, आणि त्यात एक कावळा तुर्काच्या डोळ्यावर चोच मारीत आहे. १५९८ मध्ये तुर्कांकडून जिंकून घेतलेल्या एका किल्ल्याची ती खूण. भिंतीवर रिंतने आपले नाव, गाव आणि साल हेही हाडांनीच लिहिले आहे.

येथे प्रश्न उभा राहतो. ही कला आहे की विटंबना? मृत्यूचे स्मरण द्यावे हा मूळ हेतू धार्मिक होता, यात शंका नाही. परंतु सरदारघराण्याचे विजयचिन्ह दुष्काळात मेलेल्या शेतकऱ्याच्या हाडांनी मढवावे, याला धर्माचा आधार शोधणे अवघड आहे. अस्थी सुमारे ४०,००० माणसांच्या असल्याचे सांगतात. काही अंदाज याहून बरेच वरचे आहेत. त्या तळघरात नाव वाचावयास मिळते ते एकट्या रिंतचे.

जेथे माणसे कवट्यांशेजारी हसत छायाचित्रे काढीत, तेथे १ जानेवारी २०२० पासून परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास बंदी आहे. काही प्रवासी त्यावर नाराज होतात. बंदी योग्यच आहे, आणि तिचा एक अनपेक्षित लाभ असा की हात मोकळे राहिल्याने माणूस डोळ्यांनी पाहू लागतो. काही कवट्यांवर शस्त्रांचे घाव स्पष्ट आहेत. काही कवट्या अगदी लहान आहेत.

वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम २०१४ मध्ये हाती घेण्यात आले. त्यात कोपऱ्यांतील ढीगही उतरविण्याचे ठरले, कारण ओल्याने हाडे खराब होत होती. एकेक हाड उचलून स्वच्छ करावयाचे, चुन्याच्या निवळीने त्याचे रक्षण करावयाचे आणि मूळच्याप्रमाणे पुन्हा रचावयाचे, असे हे सावकाशीचे काम आहे. ज्या हाडांना दीडशे वर्षे कोणी एकेकटे हातात घेतले नव्हते, ती या निमित्ताने पुन्हा एकेकटी हाताळली गेली.