पेशींची पानगळ

(एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका भगिनीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढे केमोथेरपी सुरू झाली. केस गेले, अन्नावरची वासना उडाली आणि 'हे रासायनिक विष नको, आपल्या वनस्पतीच बऱ्या' असे म्हणून त्यांनी उपचार थांबविले व हळदीचे चूर्ण सुरू केले. मी भेटीस गेलो तेव्हा रुग्णालयाचे कागद चाळले. औषधाचे नाव होते पॅक्लिटॅक्सेल. हे औषध मुळात एका वृक्षाच्या सालीत सापडलेले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वनस्पतीचे औषध टाकून त्या वनस्पतीच्या शोधात निघाल्या होत्या!

म्हणूनच आज हा विषय निवडला.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, आणि त्या मरतात म्हणूनच आपण जगतो. गर्भात बाळाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी नाहीशा होतात आणि बोटे सुटी होतात. या शिस्तबद्ध मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पानगळ. किती समर्पक! पिकले पान वृक्षाला इजा न करता गळते, तशी पेशी आतल्या आत स्वतःला आवरते. तिच्यातील तंतुकणिकांमधून एक प्रथिन बाहेर पडते, 'कॅस्पेस' नावाची विकरे जागी होतात, पेशीचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या मरणाची जनुकीय उकल करणाऱ्या संशोधकांना २००२ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

कर्करोगाची पेशी ही गळायला नकार देणारी पेशी होय. बिघडलेल्या पेशीला थांबविणारे 'पी-५३' हे रक्षक प्रथिन पुष्कळदा तिच्यात निकामी झालेले असते. तिला पुन्हा त्या नियमाखाली आणणे, हे या औषधांचे काम आहे.

या कथेत महाराष्ट्राचा एक सुपुत्र आहे. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी दोन रत्ने हाती आणली. १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल, म्हणजेच आजचे पॅक्लिटॅक्सेल. पेशी विभागताना सूक्ष्मनलिकांची परांची उभारते व काम होताच मोडते. टॅक्सॉल ती परांची मोडूच देत नाही. हे १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांनी दाखविले. अडकून पडलेली पेशी अखेर मरणाच्या मार्गाला लागते. आपल्या अंगणातील सदाफुलीतून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन नेमके उलटे करते. ते परांची उभारूच देत नाही. केसांच्या मुळांतील पेशीही झपाट्याने विभागतात, म्हणून केस गळतात.

कॅम्प्टोथेसिनचा दुसरा मोठा साठा निघाला आपल्या सह्याद्रीत! गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे डॉ. गोविंदाचारी व त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ साली तो नरक्या या दुर्गंधी झाडात दाखवून दिला. परिणाम काय झाला? ज्या झाडाकडे कोणी पाहत नव्हते, त्याची चोरटी तोड होऊन पोतीच्या पोती लाकूड बाहेर गेले. धन आपले, पण राखण कोणी करायची?

मात्र एक गोष्ट ध्यानी घ्या. मूळ कॅम्प्टोथेसिन रुग्णांना दिले तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा झाली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत सुधारणा करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ साल उजाडले. साल आणि औषध यांच्यामध्ये तीस वर्षांची तपश्चर्या आहे.

आता हळद. तिच्यातील कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत कर्कपेशी मारते, हे खरे आहे. पण बशी म्हणजे शरीर नव्हे. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते. कर्करोग बरा करणारे औषध म्हणून ते आजवर सिद्ध झालेले नाही. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकेतील पेटंट १९९७ साली रद्द झाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण ती लढाई जिंकलो ती घोषणांनी नव्हे, छापील पुरावे मांडून. तिथे पुरावा हवा आणि घरातील रुग्णाच्या बाबतीत नको, हे कसे चालेल?

स्वयंपाकातील हळद सुखेनैव खावी. परंतु उपचार चालू असताना कोणतेही चूर्ण वा काढा घेत असाल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. काही वनस्पती औषधाच्या परिणामात बाधा आणतात. आणि त्रास असह्य झाला तर उपचार सोडू नका, तो त्रास डॉक्टरांपुढे मांडा. त्यावरही उपाय असतात.

त्या भगिनी पुन्हा रुग्णालयात गेल्या. मधले तीन महिने मात्र गेले ते गेलेच. आपल्या ओळखीच्या कोणत्याही घरात असे तीन महिने वाया जाऊ नयेत, एवढेच मागणे करून थांबतो.