जाऊन आलेलीला काय विचारायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सभासदांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सकाळपासून तुम्ही परतफेड, बँक जोडणी, विमा असं बरंच ऐकलंत. अध्यक्षताईंनी मला थोडा वेळ दिलाय आणि मी विषय घेतलाय सहलीचा. हसू नका. गेले दोन महिने मी ज्या ज्या बैठकीला गेले, तिथे पंचसूत्री झाली, बचत गोळा झाली, वह्या मिटल्या की एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचं? कोणी म्हणतं शिर्डी, कोणी वेरूळ, कोणी एकदम कोल्हापूर. आणि मग सगळ्या माझ्याकडे बघतात. "मॅडम, तुम्ही सांगा ना, तुम्ही फिरलेल्या आहात."

मी सांगत नाही. मी पंचविशीतली मुलगी, पाठीला एक सॅक लावून कुठल्याही एसटीत चढते. माझे गुडघे दुखत नाहीत, माझ्या घरी दूध पिणारं लेकरू नाही, संध्याकाळी म्हशीची धार काढायची नाही. मला जी जागा सोपी वाटेल ती तुम्हाला सोपी असेलच असं नाही. तुमच्यासारखीच बाई तिथे जाऊन आलेली असेल, तर तिचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मोलाचा. आणि अशा बाया आपल्या २०-२५ गावांत भरपूर आहेत. आपण त्यांना नीट विचारत नाही, एवढंच.

आपण काय विचारतो? "कशी झाली गं सहल?" ती म्हणते, "मस्त झाली." झालं, ठरली आपली सहल. "मस्त" या शब्दावर वीस बायांचे पैसे.

एका गटाचं सांगते, गाव सांगत नाही. त्यांनी वेरूळला जायचं ठरवलं. शेजारच्या गटातली एक ताई जाऊन आली होती, तिने फार कौतुक केलं, आणि ते खरंच होतं. कैलास लेणं म्हणजे एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ, बघितल्यावर कौतुक होणारच. या वीस जणींनी गाडी ठरवली, भाकरी-चटणी बांधली, पहाटे निघून चार तासांनी पोचल्या. फाटक बंद. वार होता मंगळवार, आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, तेवढंच समाधान. पण ज्यासाठी गेल्या ते राहिलं, आणि त्यातल्या दोघी-तिघींना घरून पुन्हा सोडतील की नाही, माहीत नाही.

आता सांगणारी ताई खोटं बोलली का? नाही. ती रविवारी गेली होती. तिला मंगळवारचं कळायचं कारणच नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: तू कोणत्या वारी गेलीस, कोणत्या महिन्यात गेलीस? तिने जे पाहिलं ते त्या दिवसाचं. आपला दिवस वेगळा असेल तर तिचं उत्तर आपल्याला अर्धंच लागू पडतं. उरलेलं अर्धं फोन करून विचारून घ्यायचं.

आपल्या जवळचंच बघा, वणीचा गड. एक जण म्हणेल, "काही त्रास नाही, गाडी थेट वर गेली, अर्ध्या तासात दर्शन." दुसरी म्हणेल, "नांदुरीलाच उतरवलं, एसटीच्या रांगेत उभं राहावं लागलं, वर रांगेत जीव गेला." दोघी खऱ्या. पहिली साध्या दिवशी गेली होती, दुसरी नवरात्रात. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खाली थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. दोघींची उत्तरं एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून एकीला खोटं ठरवू नका. फरक कशामुळे पडला ते विचारा, तिथेच खरी माहिती सापडते.

दुसरं, कोणाला विचारता तेही महत्त्वाचं. गडाबद्दल विशीतल्या सुनेला विचारलं तर ती म्हणेल, "पायऱ्या? चढतो की आपण." पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. साठीच्या मावशीला विचारा, ती सांगेल की २०१८ पासून तिथे ट्रॉली सुरू झालीय, तिकीट काढलं की बसून वर जाता येतं. ती हेही सांगेल की रांगेत बसायला जागा मिळते की नाही, शुगरवाल्या बाईने सोबत काय ठेवावं. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर आपली गाडी थांबते, तिथून पुढे लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने जावं लागतं, आणि त्यानंतरही चढ आहे. तिथे डोलीवाले असतात. हे सगळं कोणाला आठवतं? जिला चालताना त्रास झाला तिला. म्हणून आपल्या सहलीत जी सगळ्यात हळू चालणारी आहे, तिच्यासारखी बाई शोधा आणि तिला विचारा.

आता जरा स्पष्ट बोलते, इथे सगळ्या बायकाच आहोत. बाथरूमचं विचारा. कुठे आहे, पाणी असतं का, दाराला कडी आहे का, रस्त्यात गाडी कुठे थांबवली, ते हॉटेलवाले चहा न घेता बाथरूम वापरू देतात का. सहलीला जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहिल्यात. पाळी आली तर पॅड बदलायला जागा कुठे होती, हेही विचारा. हे तुम्हाला कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं सापडणार नाही. हे मैत्रीणच सांगू शकते, आणि तीही विचारल्याशिवाय सांगत नाही.

पैशाचं. "किती खर्च आला?" असं विचारलं की ती गाडीचं भाडं सांगते. त्यात टोल होता का, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण, जास्त झालेल्या किलोमीटरचे पैसे, हे विचारा. घरून निघताना किती घेतले होते आणि परत आल्यावर किती उरले, असं विचारलं तर उत्तर बरोबर मिळतं. मी बघितलंय, हिशोब विसरणाऱ्या बाईलाही कनवटीचे पैसे आठवतात.

आणि एसटीचं विसरू नका. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या आजींना तर तिकीटच नाही. ज्यांनी खासगी गाडी केली त्या खासगी गाडीचाच अनुभव सांगणार, एसटीचा हिशोब त्यांच्या बोलण्यात येणारच नाही. तो आपण आगारात जाऊन काढायचा. अख्खी एसटी भाड्याने घ्यायची असेल तर त्याला प्रासंगिक करार म्हणतात, त्याचा दर वेगळा असतो, तेही तिथेच विचारा. आषाढी वारीला गावातून चाळीसच्या वर माणसं एकत्र निघाली तर थेट गावातून पंढरपूरची बस द्यायची सोय महामंडळाने अलीकडच्या वर्षांत केलेली आहे.

आता एक नाजूक गोष्ट. "माझ्या भाच्याची गाडी आहे, तीच घ्या." भाच्याची गाडी चांगली असू शकते. पण भाच्याची गाडी सुचवणारी मावशी आणि त्या गाडीतून जाऊन आलेली परकी बाई, या दोघींच्या शब्दांचं वजन सारखं धरू नका. आपल्या गटात कोणी कर्ज मागितलं तर आपण तिच्या जावेचं ऐकून कर्ज देतो का? मागची परतफेड बघतो, वही बघतो, मग देतो. ही पारख तुम्हाला चांगली येते. तीच इथे लावा. वाईट वाटेल म्हणून कोणी काही बोलत नाही, आणि मग रात्री अकराला घाटात टायर फुटलं की सगळ्या बोलतात. भाच्याच्या गाडीचे कागद, विमा, स्टेपनी बघायला मागितली तर भाचा रागावत नाही. रागावला तर दुसरी गाडी बघा.

मोबाइलवर येतं ते सगळ्यात वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपला मैत्रिणीकडून आलं म्हणून ते मैत्रिणीने सांगितलं, असं होत नाही. तिने फक्त पुढे ढकललेलं असतं. तिला फोन लावून एकच विचारा, "तू स्वतः गेली होतीस का?" भक्तनिवासाची खोली स्वस्तात, आजच आगाऊ रक्कम भरा, असे मेसेज फिरतात. देवस्थानांच्या नावाशी मिळत्याजुळत्या खोट्या वेबसाइट असतात. यात्रेकरूंची अशी फसवणूक होतेय म्हणून केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे विभागाने २०२५ मध्ये लोकांना सावध केलं होतं. खोली देवस्थानच्या स्वतःच्या कार्यालयातून किंवा अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. कोणाच्या खासगी नंबरवर फोनपे करू नका. पैसे गेलेच, तर रडत बसू नका, लगेच १९३० नंबरला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवता येण्याची आशा जास्त.

हे सगळं एवढं का सांगते? वीस जणींनी दीड-दीड हजार काढले तर तीस हजार होतात. तीस हजारांत एखादीचं शेळ्यांचं काम सुरू होतं. आणि हो, सहल गटाच्या बचतीतून काढू नका, ज्या जाणार त्यांची वर्गणी वेगळी काढा, वेगळी लिहा. माझं मत कोणाला कडक वाटेल. वाटू दे.

पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. आपल्यातल्या कितीतरी जणी माहेर, बाजार आणि दवाखाना सोडून कुठे गेलेल्या नाहीत. द्राक्षाचा हंगाम झाला की कांदा काढणी, मग पाऊस. मधे आठ-दहा मोकळे दिवस मिळतात, तेवढ्यात घरून परवानगी मिळवायची असते. घरी सासूबाई काय विचारतात? कोण कोण आहे, गाडी कोणाची, परत कधी येणार. "मॅडम म्हणाल्या" हे उत्तर तिथे चालत नाही. "पलीकडच्या वाडीतल्या बाया गेल्या होत्या, हाच ड्रायव्हर होता, रात्री आठला घरी होत्या", हे चालतं. एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, मला देव बघायचाच आहे, पण आधी खिडकीतून रस्ता बघायचाय." अशा बाईची पहिलीच सहल फसली तर दुसरी होत नाही.

आपल्या नाशिकला आणि त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे जुन्या वह्या आहेत. लांबलांबची माणसं येतात, गाव आणि आडनाव सांगतात, आणि वहीत त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं निघतात. कोण आलं, कुठून आलं, कधी आलं, सगळं लिहून ठेवलेलं. आणि आपण? बचतीची वही आहे, कर्जाची आहे, इतिवृत्त आहे. महालक्ष्मी सरसला मुंबईला नागली-पापड घेऊन गेलेल्या ताया आहेत, हिवरे बाजारला अभ्यास दौऱ्याला गेलेल्या आहेत. त्यांनी मुंबईत सामान कुठे ठेवलं, रात्री उतरल्यावर कशा गेल्या, हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. पुढच्या वर्षी जाणारी पुन्हा पहिल्यापासून चाचपडते.

आणि आता उलटं होणार आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ आलाय, २०२७ ला मोठी स्नानं आहेत. तुमचे विदर्भातले, मराठवाड्यातले, सुरतेकडचे पाहुणे तुम्हालाच फोन करणार. कधी यावं, कुठून यावं, म्हातारीला आणावं का. तेव्हा ऐकीव सांगू नका. जे स्वतः पाहिलंय तेवढंच सांगा, बाकीचं "मला माहीत नाही, विचारून कळवते" म्हणा. गर्दीच्या दिवशी आपल्या एका शब्दावर कोणाची तरी आई रांगेत उभी राहणार आहे.

मी येताना प्रत्येक ग्रामसंघासाठी एक दोनशे पानी वही आणलीय. वर "सहल" असं लिहिलंय. एका सहलीला एक पान. तारीख आणि वार, किती जणी, वयं साधारण काय, एकूण खर्च, गाडी कोणाची, बाथरूम, जेवण, आणि काय वाईट होतं. हा शेवटचा रकाना मोकळा सोडायचा नाही. ड्रायव्हरचा नंबर त्याला विचारूनच लिहा. पहिलं पान लिहायला वेरूळवाल्या ताया तयार झाल्यात, मंगळवारचं त्याच लिहिणार आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, लेखापाल ताई लिहून घेतील. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात, जेवायला जाताना सही करून न्या.