परसबाग : घराघरांतील जिवंत वारसा
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वारसा हा शब्द उच्चारला की गड, लेणी, ताम्रपट आणि पोथ्या डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या जतनासाठी कायदे आहेत, स्वतंत्र खाती आहेत. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांना पूर्वजांकडून मिळालेली ठेव याहून साधी असते. चुलीवर आढ्याला टांगलेला बियाण्याचा दुधी, राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले वाल आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे अळू ही ती ठेव होय. ती सांभाळणारी वृद्ध स्त्री गेली की ठेवही बहुधा तिच्याबरोबर जाते.

आपल्या सणांनी ही ठेव शतकानुशतके राखली. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानले जाते. त्यामुळे त्या दिवशीच्या भाजीसाठी अळू, माठ, पडवळ, भोपळा, सुरण परसात असणे ओघानेच आले. भोगीच्या भाजीला पावटा, वांगे, ओला हरभरा आणि तीळ लागतात. गौरीच्या नैवेद्यासाठी अनेक घरांत विविध भाज्या एकत्र केल्या जातात. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या कोकणातील घरोघरी होतात, आणि त्यासाठी दारी हळदीचे रोप लागते. म्हणजे पदार्थाने झाड राखले आणि झाडाने पदार्थ राखला. यांतील एक दुवा तुटला की दुसरा फार काळ टिकत नाही.

पदार्थाची चव केवळ कृतीत नसते, ती वाणातही असते. भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालाचे बिरडे कोणत्याही कडधान्याचे होत नाही. जळगावचे भरिताचे वांगे आणि सातारा जिल्ह्यातील वाघ्या घेवडा यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही या गोष्टीची शासकीय मान्यताच होय. मात्र ज्या शेकडो वाणांना बाजारात नाव नाही, ‘माहेरचा घेवडा’ किंवा ‘आत्याकडची काकडी’ एवढीच ज्यांची ओळख आहे, त्यांचे काय?

संकरित बियाण्याने उत्पादन वाढविले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संकरित पिकाचे बी पुढील हंगामात पेरले असता मूळ गुण एकसारखे उतरत नाहीत, म्हणून बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. बी राखण्याचे कारण उरले नाही की राखण्याचे ज्ञानही विसरले जाते. त्यातच अंगणात फरशी आली, तरुण पिढी शहरात गेली आणि परसाची जागा आक्रसली.

हा ओघ थांबविता येतो, हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले आहे. शाळेची पायरीही न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने गावोगावची देशी बियाणी जमविली, ती पेरून वाढविली आणि इतर स्त्रियांना वाटली. ‘बायफ’ या संस्थेची त्यांना साथ लाभली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे भांडवल होते ते घरात शिकलेले ज्ञान.

कायदाही अनुकूल आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क मान्य केला. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद झालेली आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून भरली, तर तीत झाडांची नावे येतील, ज्ञान येणार नाही. ते हवे असेल तर समितीने गावातील वयोवृद्ध स्त्रियांच्या ओट्यावर जाऊन बसले पाहिजे. वाणाचे स्थानिक नाव काय, ते कोणाकडून आले, केव्हा पेरतात, बी कसे राखतात आणि त्याचे काय रांधतात, या पाच प्रश्नांची उत्तरे सांगणारीच्या नावासह लिहून घ्यावीत.

शाळांचा वाटाही मोठा आहे. शालेय परसबागेबाबत केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने घरून एक बी आणि त्या भाजीची घरातील कृती आणावी. वही आजीच्या शब्दांत भरावी, तिची ओंजळ, चिमूट ही मापे तशीच ठेवावीत आणि शेजारी वाटी-चमच्याचे माप लिहावे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’चे घराघरांत स्वागत झाले. घरगुती ज्ञान लिहून ठेवण्याजोगे असते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

बी राखण्यास आरंभ घेवडा, चवळी यांसारख्या शेंगभाज्यांपासून करावा. त्यांत परपरागीकरण कमी असल्याने वाण बहुधा शुद्ध राहतो. भोपळा, काकडी यांची फुले कीटकांमुळे फळतात, म्हणून एकाच पिकाचे दोन वाण जवळ लावू नयेत. निरोगी वेलावरील उत्तम फळ खाण्यासाठी न तोडता वेलावरच पिकू द्यावे, बी सावलीत पूर्ण सुकवावे आणि कोरड्या भांड्यात ठेवावे. एका घरातले बी निदान तीन घरांत द्यावे. एका घरी पीक बुडाले तरी दुसऱ्या घरी ते शिल्लक राहते. वाटल्याने टिकणारी अशी ही संपत्ती आहे.

या कामास मोठा निधी लागत नाही, मात्र वेळ थोडा उरला आहे. ज्यांना हे सारे ठाऊक आहे, त्या स्त्रिया आज वृद्धत्वाकडे झुकल्या आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने आपापल्या गावातील अशा दहा घरांपर्यंत जावे. नोंदवहीतील पहिली नोंद त्यांच्या नावाची असावी, आणि पहिल्या पावसात गावाच्या मातीत पडणारे बी त्यांच्या हातचे असावे.