वेतनावरील कर आणि पद्धतीची निवड
(मारेगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मारेगावसारख्या कपाशीच्या मुलखात आयकर हा व्याख्यानाचा विषय व्हावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. परंतु आता आपली मुले-मुली शाळांत, बँकांत, वणीकडील कोळसाखाणींत नोकरीस आहेत, आणि वेतनावरील कर हाती पैसा पडण्यापूर्वीच कापला जातो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. एका शिक्षकाने कर वाचावा म्हणून मार्चमध्ये उसनवार करून विम्याचा मोठा हप्ता भरला. त्याने कोणतीच पद्धती कळविली नसल्याने कचेरीने नवी पद्धती धरली होती. तीत त्या हप्त्याची वजावटच नाही. शिवाय त्याच्या वेतनावर मुळात कर बसणारच नव्हता! उसन्या रकमेचे व्याज आणि पुढील वर्षांचे हप्ते मात्र गळ्यात पडले.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना विवाहित की अविवाहित हे मालकास कळवावे लागते. आपल्याकडे पती व पत्नी यांचा हिशेब स्वतंत्र असतो. निवड करावयाची ती जुन्या व नव्या पद्धतीत. नवी पद्धती 2020 मध्ये आली आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून, काही न कळविल्यास, तीच लागू धरली जाते.

वर्ष 2025-26 चा हिशेब पाहू. नव्या पद्धतीत 75,000 रुपयांची प्रमाण वजावट व करसूट धरता, केवळ वेतन असलेल्यास 12,75,000 रुपयांपर्यंत कर नाही. तेथे जुन्या पद्धतीचा विचारच नको. 15 लाख वेतनावर नव्या पद्धतीत उपकरासह 97,500 रुपये कर होतो. जुनी पद्धती स्वस्त पडावयाची, तर 50,000 रुपयांच्या प्रमाण वजावटीखेरीज भविष्यनिर्वाह निधी, विमा, घरभाडे, गृहकर्जाचे व्याज मिळून 5,43,750 रुपयांहून अधिक वजावट हवी. इतकी वजावट थोड्यांचीच असते.

ज्यांची असेल त्यांनी एप्रिलमध्येच कचेरीस लेखी कळवावे व पुरावे जपावेत. अन्यथा वर्षअखेरीच्या वेतनांतून मोठी कपात होते. कळविण्यात चूक झालीच, तरी व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदारास विवरणपत्र भरताना पद्धती बदलता येते व जादा कापलेला कर परत मिळतो. मात्र विवरणपत्र मुदतीत हवे. मुदत टळली की जुनी पद्धती हातची गेली. शेतीचे उत्पन्नही त्यात दाखवावे, कारण मोठ्या वेतनाबरोबर ते कराचा दर ठरविण्यास जमेस धरले जाते. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा कायदा आला, तेव्हा जुन्या कलमांचे आकडे पाठ करीत बसू नये.

विमा घरच्या माणसांसाठी उतरावा, बचत म्हातारपणासाठी करावी. केवळ कराच्या धास्तीने कोणी कर्ज काढू नये. आज घरी गेल्यावर वडिलांनी मुलास व सासूने सुनेस एवढेच विचारावे, ‘कचेरीत कोणती पद्धती कळविलीस?’ तेवढ्याने आमच्या बोलण्याचे सार्थक होईल.