पाठकोरी छायाचित्रे



'आरमारी विमानांची छायाचित्रे : जुनी आणि नवी' असा आजचा विषय जाहीर झाला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, दिवे मालवायचे, पडद्यावर विमाने पाहायची आणि घरी जायचे. चित्रे आपण पाहणार आहोतच. परंतु चित्र पाहणे निराळे आणि चित्र वाचणे निराळे. वाचायचे म्हटले म्हणजे खाली काय लिहिले आहे, पाठीमागे काय लिहिले आहे आणि लिहिले ते खरे काय, हे प्रश्न आलेच. आम्हांला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या प्रश्नांविषयी.

पहिले चित्र पाहा. तारीख १८ जानेवारी १९११, स्थळ अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर लाकडी फळ्यांचा एक फलाट बांधला आहे आणि युजीन इली हा वैमानिक त्यावर आपले विमान उतरवीत आहे. फलाटावर आडवे दोर ताणलेले आहेत. एकूण बावीस दोर, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधलेल्या. विमानाच्या पोटाखालचे आकडे दोरांत अडकावेत, पिशव्या फरपटत याव्यात आणि त्यांच्या ओझ्याने विमान थांबावे, अशी ही युक्ती. समुद्रात पडलोच तर तरंगता यावे म्हणून इलीने अंगाभोवती सायकलच्या ट्यूबा गुंडाळल्या होत्या. आज या वेषाचे हसू येते. परंतु ६ फेब्रुवारी २०२३ रोजी आपले स्वदेशी 'तेजस' नव्या 'विक्रांत'वर उतरले, त्या चित्रात शेपटीखाली पाहा. तोच आकडा आणि समोर तेच आडवे दोर. वाळूच्या पिशव्या गेल्या, दोर पोलादाचे झाले, एवढाच फरक! एकशे बारा वर्षांचे अंतर दोन चित्रे शेजारी ठेवताच ओलांडता येते, ते केवळ दोहोंवर तारीख आहे म्हणून.

तारीख नसेल तर काय होईल? दुसरी जोडी घ्या. इंग्रजांच्या आरमारातील एडविन डनिंग या अधिकाऱ्याने २ ऑगस्ट १९१७ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस स्कापा फ्लो येथे चालत्या 'फ्यूरियस' नौकेवर विमान उतरविले. चालत्या नौकेवर उतरणारा हा पहिला पुरुष. त्या वेळी विमान थांबवायला दोरही नव्हते. सोबतच्या अधिकाऱ्यांनी धावत जाऊन हातांनी विमान पकडले. पाच दिवसांनी, ७ ऑगस्टला, त्याने पुन्हा प्रयत्न केला, विमान कडेवरून समुद्रात गेले आणि डनिंग बुडाला. दोन्ही प्रसंगांची छायाचित्रे आहेत. नौका तीच, विमान त्याच जातीचे, धावणारी माणसेही तशीच. तारखा पुसून टाका, म्हणजे हा मनुष्य पहिल्याच प्रयत्नात गेला असे कोणीही म्हणेल, आणि त्याचा पराक्रम चित्र असूनही नाहीसा होईल.

हे परक्या देशाचे झाले. आता आपल्या घरी या. आपली पहिली 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे आरमारात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईस आली. बॅलार्ड पियरवर पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले. तिच्यावर 'सी हॉक' ही जेट विमाने आणि 'अलिझे' ही पाणबुडीचा माग काढणारी विमाने होती. १९७१ च्या युद्धात, ४ डिसेंबरला, तिच्या सी हॉकांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. ती ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. आता दुसरी 'विक्रांत' पाहा. ही कोचीनला बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली. नाव तेच आणि अंगावरचा क्रमांकही तोच, आर ११! आज कोणी मोबाईलवरून नव्या 'विक्रांत'चे चित्र पाठवतो आणि खाली लिहितो, '१९७१ ची विजयी विक्रांत'. आपण अभिमानाने ते पुढे धाडतो. अभिमान खरा असतो, चित्र मात्र भलतेच असते.

जाणत्याला चित्रातल्या खुणा सापडतात. नौकेचे नाक सपाट असून वर सी हॉक उभी असतील, तर ती जुनी 'विक्रांत', आणि तीही तारुण्यातली. नाक उतरणीसारखे वर वळलेले असून सी हॅरिअर उभी असतील, तर तीच नौका, पण १९८० च्या दशकातील मोठ्या दुरुस्तीनंतरची. मिग २९ दिसले तर जुनी नव्हेच. परंतु खुणांवरून फार तर काळ कळतो. डावीकडून तिसरा उभा असलेला मुलगा कोण, हे कोणतीही खूण सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारी दप्तरात सर्व लिहिलेले असते. असते, पण लिहिलेले सर्व खरे असतेच असे नाही. २४ ऑगस्ट १९४२ रोजी पॅसिफिक महासागरात 'एंटरप्राइझ' या अमेरिकी नौकेच्या धावपट्टीवर बॉम्ब फुटला, त्या क्षणाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. हे चित्र रॉबर्ट रीड या छायाचित्रकाराने घेतले आणि त्याच स्फोटात तो गेला, असा मजकूर मूळ नोंदीत होता. कोणाचेही मन हेलावेल असा! पुढे तपासात निघाले ते असे : रीड त्या दिवशी धारातीर्थी पडला हे खरे, पण आधीच्या दुसऱ्या बॉम्बने. हे चित्र मॅरियन रायली हा चलच्चित्रे घेत होता त्याच्या फितीतले, आणि रायली वाचला. एका ओळीच्या चुकीने एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि मेलेल्याच्या मृत्यूची हकीकतही बदलली. म्हणून चित्रांविषयी चारचौघांनी बोलले पाहिजे. एकजण नौका ओळखतो, दुसरा विमान ओळखतो, तिसरा म्हणतो, 'तो दिवस मला आठवतो, तुम्ही म्हणता तसे नव्हते.' चित्राची साक्ष अशी उलटतपासणीनेच पक्की होते.

त्याच युद्धात एडवर्ड स्टायकेन हा साठी ओलांडलेला विख्यात छायाचित्रकार अमेरिकी आरमारी विमानदलाच्या छायाचित्रकारांचा प्रमुख होता. नौका आणि विमाने जुनी होतील, तुम्ही माणसांची चित्रे घ्या, असे तो आपल्या लोकांना सांगे. त्याच्या पथकातील वेन मिलरचे १९४३ सालचे एक चित्र आहे : रबाउलवरील हल्ल्याहून 'साराटोगा' नौकेवर परतलेल्या विमानातून सोबती एका जखमी तोफवाल्याला हातांवर झेलून बाहेर काढीत आहेत. विमान त्यात अर्धेमुर्धेच दिसते. खाली त्या जखमी मुलाचे नाव लिहिले आहे, आणि म्हणून आज इतक्या वर्षांनी तो कोणीतरी एक सैनिक न राहता अमक्याचा मुलगा राहिला आहे.

आपल्या मुलांची नावे आपण लिहून ठेवली आहेत काय? जुनी 'विक्रांत' काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्यापैकी कित्येकांनी पोराबाळांसह ती पाहिली असेल. २०१४ साली ती मोडीत निघाली. 'विराट' २०२० साली मुंबईहून अलंगला मोडायला गेली. गोव्यात दाभोळीजवळच्या आरमारी विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर अजून पाहायला मिळतात, पण त्यांना ढकलणारे, धुणारे, त्यांत इंधन भरणारे हात तेथे दिसत नाहीत. ते हात कोकणातल्या, देशावरल्या कितीतरी घरांतल्या ट्रंकेत, आल्बमात, भिंतीवरच्या चौकटीत आहेत. चित्र काढून उलटे करा : पाठ कोरी! १९७१ साली जो विशीत होता तो आज सत्तरी ओलांडून बसला आहे. तो आहे तोवर ती पाठ भरता येईल. तो गेला म्हणजे घरात राहील तो एक पांढऱ्या गणवेषातला अनोळखी मनुष्य.

म्हणून आमची विनंती साधी आहे. या उन्हाळ्याच्या सुटीत मुलेनातवंडे घरी येतील, तेव्हा आजोबांसमोर तो आल्बम उघडा. साल, ठिकाण, नौका, विमान आणि डावीकडून उजवीकडे नावे विचारा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने पाठीवर लिहा. शाईचा डाग पुढे उमटतो. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहा. ऐकीव असेल तर कोणी सांगितले ते लिहा, म्हणजे पुढच्याला तपासता येईल. मोबाईलवर उतरवाल तेव्हा दोन्ही बाजू उतरवा. यंत्राकडून हवे ते चित्र बनवून घेता येण्याचे हे दिवस आहेत. अशा दिवसांत कोणी, कधी, कोठे हे ज्याच्या पाठीवर लिहिले आहे, ते चित्र सोन्याच्या मोलाचे.

पोलाद भट्टीत गेले, ते आपल्याला थांबवता आले नाही. नावे मात्र अजून आपल्या हातांत आहेत.